चाक फिरत नाही म्हणजे मशीन गेली असं नाही

ताई, तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आजीची सिंगरची पायमशीन तुमच्या वाट्याला आलीय. 2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोळकडच्या घरात महापुराचं पाणी शिरलं तेव्हा ती टेबलासकट बुडाली. पाणी ओसरल्यावर कुणीतरी धुऊन-पुसून कोपऱ्यात लावली आणि तेव्हापासून तिला कुणाचा हात लागलेला नाही. आता तुम्ही ती कोल्हापुरात आणलीय, पण वरचं चाक तसूभर हलत नाही. एक दुकानदार म्हणाला, हेड (टेबलावरची मशीन) भंगारात टाका, नवं बसवून मोटर लावून देतो. भाऊ म्हणतोय आधी रंग मारून घेऊ. शेजारच्यांचं म्हणणं, असल्या मशीनला लाखांत गिऱ्हाईक असतं, हातच लावू नका. आणि तुम्हाला तर तिच्यावर परकर, उशांचे अभ्रे, पोराची झबली शिवायची आहेत.

मी कोल्हापुरात बरीच वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करतो. 2005, 2019 आणि 2021, तिन्ही पुरांनंतर गाळानं भरलेल्या मशिनींची रांग दुकानासमोर लागलेली पाहिलीय. त्यामुळं ‘दुरुस्त होईल का’ हा प्रश्न मी जरा बदलून घेतो. मशीन मोडलीय की अडकलीय? अडकली असेल तर कशानं? वाळलेल्या तेलानं, गाळानं की गंजानं? या तिन्हींचा उपाय वेगळा आहे, आणि कुठला लागू पडतो हे कळायच्या आधी चाकाला जोर लावला की अडकलेल्या मशीनची मोडलेली मशीन होते. माझ्याकडं ‘मोडली’ म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेक नुसत्या अडकलेल्या असतात. खरोखर मोडलेल्या ज्या येतात, त्या घरच्या कुणा पैलवानानं पान्हा लावून मोडलेल्या असतात.

या जुन्या मशीनमध्ये मोडण्यासारखं मुळात फार नाही. सांगाडा बिडाचा, दांडे पोलादाचे, प्लॅस्टिकचा एक तुकडा नाही. ज्यात दोन धातू एकमेकांवर घासतात त्या प्रत्येक जागी तेल जायला भोक ठेवलेलं. पुरात बुडालेल्या मशीनबद्दल एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आजी नियमानं तेल घालत असेल, तर आतल्या भागांवर त्या तेलाचा थर बसलेला असतो आणि तोच त्यांना गंजापासून वाचवतो. बाहेरून भीषण दिसणारी मशीन आतून बरी निघते ती त्यामुळं. पण तेल न घालता राबवलेली मशीन बुडाली असेल, तर गंज थेट दांड्यांना धरतो. तुमची कुठली आहे हे डाव्या टोकाचं झाकण उघडल्याशिवाय मलाही सांगता येणार नाही.

आधी बाकीच्यांच्या सल्ल्यांचं बघू. लाखांच्या गिऱ्हाइकाची गोष्ट सोडून द्या. जुन्या सिंगरमध्ये ‘रेड मर्क्युरी’ नावाचा कसलासा मौल्यवान पदार्थ असतो, अशी अफवा 2009 मध्ये सौदी अरेबियात उठली होती आणि लोकांनी जुन्या मशिनींना वाट्टेल ते भाव दिले होते. तीच अफवा अधूनमधून आपल्याकडंही फिरते. मी या मशिनी शेकड्यांनी उघडल्यात, आत पोलाद, बीड, तेल आणि दोऱ्याचा कचरा सोडून काही सापडत नाही. दुर्मीळ म्हणावी तर तेही नाही. स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या एका कारखान्यातूनच 1913 च्या सुमाराला वर्षाला दहा लाखांवर मशिनी बाहेर पडत होत्या. तो कारखाना 1980 मध्ये बंद झाला, मशिनी मात्र अजून घराघरात आहेत.

रंगाचं काम हेडवर अजिबात करू नका. त्या काळ्या चकाकीवरची सोनेरी वेलबुट्टी एकदा रंगाखाली गेली की परत येत नाही, आणि रंग तेलाच्या भोकांत उतरतो तो वेगळाच. खालच्या स्टँडला हौसेनं काळा रंग द्या, तिथं काही बिघडत नाही.

दुकानदार तुम्हाला फसवत होता असं मी म्हणणार नाही. त्याचा हिशेब वेगळा आहे. जाम मशीन सोडवायला कष्टापेक्षा वाट बघणं जास्त लागतं, आणि वाट बघायची मजुरी त्याला कोण देणार? तुमच्याकडं वेळ आहे, म्हणून तुम्हाला जे परवडतं ते त्याला परवडत नाही. हेड बदलायची वेळ दोनच गोष्टींत येते. एक म्हणजे बिडाच्या सांगाड्याला तडा गेला असेल. दुसरी म्हणजे गंजानं मुख्य दांडा किंवा तो ज्यात फिरतो तो बुश इतका खाल्ला असेल की मोकळं केल्यावरही तो खडखडतो.

आता मशीन ओळखून घ्या. हेडच्या पाटावर, उजव्या हाताला नंबर कोरलेला असतो. नंबराच्या आधी अक्षर नसेल तर मशीन 1900 च्या आधीची, एक अक्षर असेल तर त्यानंतरची, दोन इंग्रजी अक्षरं असतील तर साधारण 1935 नंतरची. पण शिवायच्या दृष्टीनं नंबरापेक्षा बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याचं रीळ, महत्त्वाचं. सुईच्या डाव्या बाजूची सरकती पट्टी बाजूला करून आत बघा. गोल बॉबिन धातूच्या डबीत बसतं आणि ती डबी डाव्या अंगानं आत जाते, असं असेल तर ती सिंगरच्या 15 नंबर मॉडेलच्या घराण्यातली मशीन. तसं असेल तर तुमचं नशीब जोरावर आहे. उषापासून लुधियानाच्या कारखान्यांपर्यंत आपल्याकडं ज्या काळ्या मशिनी झाल्या त्यांतल्या बहुतेकांनी हाच नमुना उचलला, त्यामुळं शटल (खाली दोऱ्याचा फास पकडणारा भाग), बॉबिन केस (ती धातूची डबी), टेन्शनच्या म्हणजे दोऱ्याचा ताण धरणाऱ्या चकत्या आजही सहज मिळतात. गोल बॉबिन वरूनच खड्ड्यात ठेवायचं असेल तर ती 66 किंवा तिच्या जातीतली. तिचं बॉबिन वेगळं, 15 चं तिच्यात घालायचं नाही. आणि बोटाएवढं लांब, बारीक बॉबिन होडीच्या आकाराच्या शटलमध्ये बसत असेल तर ती आणखी जुन्या पद्धतीची. ती शिवते सुरेख, पण तिचं बॉबिन आणि शटल हरवलेलं असेल तर आधी ते शोधा, मग बाकीच्या कामाला हात घाला.

काम सुरू करायच्या आधी वेळ निवडा. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत उघड्या पोलादावर रात्रीत तांबूस झाक येते. पाऊस संपून हवा कोरडी झाली की हे काम काढा. रॉकेल वापरायचं तर गच्चीवर किंवा अंगणात, गॅसच्या शेगडीपासून लांब, हातात रबरी मोजे घालून. रॉकेल मिळणं हल्ली अवघड झालंय. नाहीच मिळालं तर हार्डवेअरच्या दुकानातला गंज सोडवायचा स्प्रे चालतो. पेट्रोलला हात लावू नका.

पहिल्यांदा पट्टा काढा, म्हणजे जाम वरच्या हेडमध्ये आहे की खालच्या चाकात हे लगेच कळतं. खालचं चाक आणि पायडल बऱ्याचदा स्वतःच गंजून बसलेले असतात, आणि शिव्या हेडला बसतात. मग हेड मागं कलंडवून खालचे दोन बिजागरीचे स्क्रू सैल करून ते उचलून घ्या. वजन दहा किलोच्या वर आहे, एकटीनं उचलू नका. खाली जुनी चादर घालून त्यावर ठेवा.

आता पुराचा भाग, आणि इथं घाई केली तर मशीनचं कायमचं नुकसान होतं. पुराचा गाळ पिठाइतका बारीक असतो. तो तेलाच्या भोकांतून बुशपर्यंत गेलेला असतो आणि वाळून बसलेला असतो. तशात तेल घालून चाक फिरवायला गेलं की तो तेलात मिसळतो आणि दांडे नि बुश घासून खातो. म्हणून गाळ निघेपर्यंत चाकाला हात लावायचा नाही, तेलही घालायचं नाही. आधी कोरड्या ब्रशनं सुटेल तेवढी माती काढा. रंगाचा अर्धा इंची जुना ब्रश आणि दात घासायचा टाकाऊ ब्रश एवढी हत्यारं पुरतात. दाभणानं तेलाची भोकं मोकळी करा, माती आत ढकलू नका, बाहेर उकरा. मग खालचे सगळे भाग आणि प्रत्येक भोक रॉकेलनं धुवा. इंजेक्शनच्या सिरिंजनं रॉकेल भोकात सोडलं की गढूळ पाणी दुसऱ्या बाजूनं निथळतं. ते निवळ येईपर्यंत सोडत राहा. मशीनच्या काळ्या, वेलबुट्टीच्या भागाला रॉकेल लागू देऊ नका, लागलं तर लगेच टिपून घ्या.

गाळ गेल्यावर अडकलंय कुठं ते शोधायचं. इथं लोक थेट ताकद लावतात, पण आधी तीन साध्या गोष्टी बघून घ्या. चाकाच्या मधला गोल नॉब सैल तर नाही? तो सैल असला की चाक फिरतं पण सुई हलत नाही. तुमचं चाकच फिरत नाही, म्हणजे उलट गोष्ट. तरी तो नॉब सोडून चाक एकटं फिरतं का बघा. नॉबमध्ये एक बारीक स्क्रू असतो, तो आधी सैल करावा लागतो. नॉब काढला की आत तीन टोकांची चकती दिसेल, ती कशी बसलीय त्याचा फोटो काढून ठेवा. उलटी बसवली तर नॉब घट्ट होत नाही आणि माणूस दिवसभर डोकं खाजवत बसतो. चाक एकटं फिरलं, तर जाम आतल्या दांड्यांत आहे. एकटंही फिरत नसेल तर चाकच दांड्यावर गंजून बसलंय, तिथं रॉकेल सोडा.

दुसरी गोष्ट, बॉबिन भरायचं रबरी चाक मोठ्या चाकाला टेकून बसलंय का? तिसरी आणि सगळ्यात सामान्य, शटल. सुई काढा, बॉबिन केस काढा, शटलच्या कड्याचे दोन स्क्रू किंवा खटके सोडून शटल बाहेर घ्या. त्यामागं वर्षानुवर्षांच्या दोऱ्याचे तुकडे गुंडाळून घट्ट झालेले असतात, कधी टाचणीही निघते. एवढं साफ केल्यावर बऱ्याच मशिनी फिरायला लागतात.

नाहीच फिरली, तर चाक बोटांनी पुढं-मागं हलकंसं हलवून बघा. पूर्ण जाम मशीनलाही केसभर खेळ असतो. हेड आडवं ठेवून तो खेळ कुठपर्यंत पोचतो ते डोळ्यांनी बघा. वरचा मुख्य दांडा हलतो, पण शटलकडं जाणारा खालचा दांडा हलत नाही? मग अडचण खालच्या दांड्याच्या बुशमध्ये आहे. खालचे सगळे सांधे किंचित हलतात, पण सुई जागची हलत नाही? मग सुईचा दांडा धरलाय. ज्या सांध्यानंतर हालचाल संपते, तिथंच रॉकेल आणि वेळ खर्च करायचा. बाकी मशीन खोलत बसू नका. उघडलेला स्क्रू जितका कमी तितकं बरं, कारण सिंगरच्या स्क्रूंचे आटे त्यांचे स्वतःचे आहेत. बाजारातला साधा स्क्रू त्यात जात नाही, आणि जबरदस्तीनं घातला तर भोकाचे आटे जातात. काढलेला प्रत्येक स्क्रू कुठला हे लिहून वेगवेगळ्या वाटीत ठेवा.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा अडकतो तो सुईचा दांडा. डाव्या टोकाचं झाकण एका स्क्रूवर असतं. ते काढलं की आत दोन उभे दांडे दिसतात, पुढचा सुईचा, मागचा कापड दाबून धरणाऱ्या फुटाचा. जुन्या मशीनमध्ये त्यांच्यावर तपकिरी, काकवीसारखा चिकट थर असतो. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघतो. हे वाळलेलं तेल. त्यातही कुणी खोबरेल किंवा गोडेतेल घातलेलं असेल तर विचारू नका. खायचं तेल हवा लागून घट्ट होतं, आणि काही वर्षांत त्याचा डिंकच होतो. आपल्या आज्या ‘आज मशीनचं तेल नाही, खोबरेल घाल दोन थेंब’ म्हणायच्या, त्याची फळं आम्ही खातो. दांड्याच्या वरच्या आणि खालच्या बुशवर रॉकेलचे थेंब सोडा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी केस वाळवायच्या ड्रायरनं त्या जागी चार-पाच मिनिटं ऊब द्या. गरम झालं की थर मऊ पडतो. मग चाक अगदी अलगद पुढं-मागं करा. केसाचं अंतर सरकलं तरी खूश व्हा, पण पूर्ण फेरा घ्यायला जाऊ नका. दांडा जरासा वर-खाली झाला की त्यावर तपकिरी रेघ उमटते, तो आतून निघालेला मळ. जुन्या सुती कापडानं पुसा, परत रॉकेल सोडा, परत हलवा. रेघ निघायची थांबली की दांडा मोकळा झाला.

याला एक रात्र लागेल की आठवडा, हे गंजावर आहे. नुसतं वाळलेलं तेल असेल तर लवकर सुटतं. गंज असेल तर स्प्रे मारून, थांबून, ऊब देऊन तेच तेच करत राहायचं. दोन गोष्टी मात्र नक्की करायच्या नाहीत. दांड्याला पक्कड लावायची नाही, कारण पक्कडीचे दात दांड्यावर उठले की तो बुशमध्ये खरखरत राहतो. आणि सुईच्या दांड्याला धरून ठेवणारा आतला स्क्रू सोडायचा नाही. दांड्याची उंची त्यावर ठरते. शटलचं टोक सुईच्या भोकाच्या जरा वरून, सुईला जवळजवळ चाटून गेलं पाहिजे, तरच ते दोऱ्याचा फास पकडतं. ती उंची चुकली की मशीन टाका धरतच नाही, आणि मग मिस्त्रीशिवाय गत्यंतर नाही.

शटल बाहेर आहेच तर त्याचं टोक बघून घ्या. नखावरून फिरवलं तर गुळगुळीत लागलं पाहिजे. गंजाचे बारीक खड्डे असतील तर हजार नंबरच्या वॉटर पेपरनं हलकं घासा. टोकच बोथट झालं असेल तर घासत बसू नका, 15 नंबरचं नवं शटल आणा. कापड पुढं सरकवणाऱ्या दातांच्या खालीही लक्ष द्या. सुईखालची प्लेट काढली की दातांमध्ये नमद्यासारखी दाबून बसलेली लिंट, म्हणजे कापडा-दोऱ्याची कुसर, दिसेल, त्यात आता गाळही असणार. ती निघाल्याशिवाय कापड पुढं सरकणार नाही.

मशीन मोकळी फिरायला लागली की रॉकेलवर सोडून देऊ नका. रॉकेल मळ काढतं, पण ते वंगण नाही. ते उडून गेलं की धातू उघडा पडतो आणि दोन दिवसांत पुन्हा गंज. सगळं पुसून, वाळवून मग मशीनचं पातळ, पाण्यासारखं तेल. जिथं जिथं धातू धातूवर घासतो तिथं एक थेंब, शटलच्या कड्यात एक थेंब. धार सोडू नका. मग रिकामी मशीन हातानं फिरवत राहा, जास्तीचं तेल पुसा, पुन्हा एक थेंब.

बाहेरच्या सफाईत लोक नको तो उत्साह दाखवतात. ती सोनेरी वेलबुट्टी लाखेच्या किंवा वार्निशच्या पातळ थराखाली असते. स्पिरीट, थिनर, सॅनिटायझर लागला की हा थर विरघळतो आणि त्याबरोबर सोनंही जातं. तेच मशीनचं तेल मऊ कापडावर घेऊन हलक्या हातानं गोल गोल फिरवा, कापडावर काळा-तपकिरी मळ येईल. आधी मागच्या बाजूला, जिथं कुणी बघत नाही तिथं करून बघा. कापडावर सोनेरी कण दिसला तर तिथंच थांबा. चाकाची कड, झाकण, फुटाचा दांडा असले चकचकीत भाग पितळेच्या पॉलिशनं घासायला हरकत नाही, ते पॉलिश काळ्या भागावर मात्र नको.

स्टँड बिडाचा असतो. गंज तारेच्या ब्रशनं काढा, चाकाच्या आसाला आणि पायडलच्या दोन्ही टोकांना तेल घाला. पायडलला आणि चाकाला जोडणारा दांडा सैल झाला असेल तर मशीन चालताना टकटक आवाज येतो, त्याचा खालचा सांधा आवळता येतो. स्टँडचा पाय किंवा पायडल तुटलं असेल तर कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडं नेऊ नका. बीड साध्या वेल्डिंगनं जोडलं की थंड होताना शेजारी नवा तडा जातो. हे काम ब्रेझिंगचं, म्हणजे पितळ वितळवून जोडायचं. ते करणारी माणसं उद्यमनगरात मिळतील, तिथं बिडाचं काम पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. हरवलेला स्क्रू लेथवर त्याच आट्यात करून देणाराही तिथंच भेटतो, फक्त नमुन्याला शेजारचा स्क्रू सोबत न्या.

लाकडी पाट सागवानी असेल तर सावलीत वाळवून, तेल पाजून वापरा. प्लायचा असेल आणि पाण्यानं फुगला असेल तर सुताराकडून नवा करून घ्या. जुना पाट फेकायच्या आधी त्यावरून हेडची खाच आणि बिजागऱ्यांची जागा तंतोतंत उतरवून घ्यायला सांगा.

पट्टा नवाच घ्या, चामड्याचा, साधारण पाच मिलिमीटर जाडीचा गोल. पुरात भिजून वाळलेला पट्टा कडक होतो आणि तुटतो. दोन्ही चाकांवरून नेऊन लांबी मोजा, टोकाला भोक पाडून तारेच्या क्लिपनं जोडा. बोटानं दाबला तर किंचित दबेल इतपतच ताण ठेवा. घट्ट पट्टा पायाला जड जातो आणि वरच्या दांड्याचा बुश झिजवतो. काही दिवसांनी तो ताणून लांबतो, तेव्हा अर्धा इंच कापून परत जोडा. पट्ट्याला तेल लागू देऊ नका, घसरतो.

आता शिवण. सुई नवीनच हवी, आजीच्या डबीतली नको. 15 किंवा 66 असेल तर दुकानात मिळणारी साधी, एका बाजूला चपटी घरगुती सुईच बसते. सुती कापडाला 14 नंबर, जाडसराला 16. ती कुठल्या तोंडानं बसवायची याबद्दल फार गोंधळ असतो. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूनं आत जातो. दोरा अडकवायचा शेवटचा हूक सुईच्या ज्या बाजूला आहे, खाच त्या बाजूला आणि चपटी बाजू तिच्या विरुद्ध. सुई खोबणीत पूर्ण वर टेकेपर्यंत ढकला. नव्या शिकणाऱ्यांची ‘टाका सुटतो’ ही तक्रार बहुतेक वेळा इथंच सुटते.

दोरा ओवताना फूट वर उचललेलं असू द्या. फूट वर असतं तेव्हा टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात, दोरा त्यांच्या मधोमध बसतो. फूट खाली असताना ओवला तर तो चकत्यांच्या कडेवर राहतो आणि कापडाच्या खाली दोऱ्याचा गुंता होतो. गुंता खाली दिसतो म्हणून लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळत बसतात. दोष मात्र वर असतो, कारण वरचा दोरा सैल सुटला की तोच खाली जाऊन गोळा होतो. पुराच्या मशीनमध्ये चकत्यांच्या मध्ये मातीही असते, दुमडलेलं सुती कापड चकत्यांतून ओढून ती काढून घ्या.

बॉबिन केसचं टेन्शन हातानं तपासता येतं. बॉबिन भरून केसमध्ये घाला, दोऱ्याला धरून केस लोंबकळू द्या. नुसती लटकत राहिली पाहिजे, हाताला हलका झटका दिला की जराशी खाली उतरली पाहिजे. आपोआप घसरत असेल तर स्क्रू अगदी किंचित आवळा. पाव फेऱ्यापेक्षाही कमी पुरतं. एकदा हे जमलं की त्याला परत हात लावायचा नाही, पुढं जे काही कमी-जास्त करायचं ते वरच्या टेन्शनवर.

चाचणीला मांजरपाटाचा दुहेरी तुकडा घ्या, वर लाल दोरा आणि खाली पांढरा. खालच्या अंगाला लाल ठिपके दिसले तर वरचं टेन्शन कमी आहे, आवळा. वरच्या अंगाला पांढरे ठिपके आले तर जास्त आहे, सैल करा. दोन्ही दोरे कापडाच्या मधोमध गुंतून दिसेनासे झाले की मशीन लागली. पहिले काही हात तेलाचे डाग पडणार, म्हणून चांगलं कापड लगेच घेऊ नका.

मोटरबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगतो, आत्ता नको. नव्यानं मोकळ्या झालेल्या मशीनला पायानं चालवलं की कुठं जड जातंय ते पायाला कळतं, मोटर ते लपवते आणि बुश खाते. दोन-तीन महिने पायावर नीट चालली, मग हवी तर छोटी मोटर लावा. ही मशीन काय करणार नाही तेही माहीत असू दे. टाका सरळच. साडीला फॉल लावता येईल, पिको होणार नाही. काज करायला वेगळी जोडणी लागते. ताणणारं, टी-शर्टसारखं कापड तिला झेपत नाही.

पायडलची सवय नसेल तर पहिले दोन दिवस दोरा न ओवता, फूट वर ठेवून नुसतं पायडल मारा. चाकाचा वरचा भाग तुमच्याकडं फिरला पाहिजे. उलटं फिरलं की दोरा शटलमध्ये अडकून तुटतो. सुरुवात अभ्र्यांनी करा, सरळ शिवण आहे. पुढं कधी पोराच्या जीन्सचा पाय दुमडायचा झाला तर 18 नंबरची सुई घाला, आणि शिवणीवर शिवण येते त्या जाड जागी पायडल सोडून हातानं चाक फिरवत टाके घ्या.